वायरीची वेणी

शहर पोलीस ठाणे, अहमदनगर. दिनांक ५ मे १९७३.

माझे नाव कु. विजया नृसिंह धर्माधिकारी, वय २४ वर्षे, धंदा नोकरी, शिक्षण बी. एस्सी., राहणार नालेगाव, अहमदनगर. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. अमृतवेल सहकारी पुरवठा संघाच्या नगर येथील कचेरीत दोन वर्षांपासून नोकरीस आहे. संघाने हिशेबासाठी विजेवर चालणारे मोठे यंत्र मुंबईहून भाड्याने आणले आहे. कचेरीत सगळे त्याला कॉम्प्युटर म्हणतात. त्यात घालायची कार्डे भोके पाडून तयार करणे हे माझे काम. त्याच खोलीत माझ्यासह चौघी बायका बसतात.

यंत्राला धूळ चालत नाही. यंदा दुष्काळाने नगरला धुळीशिवाय दुसरे काही नाही. म्हणून व्यवस्थापक श्री. शामकांत टोकेकर यांनी खोलीच्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या. छताचा पंखा धूळ उडवतो म्हणून उतरवला. यंत्राच्या लाइनवर दुसरा भार नको म्हणून भिंतीवरचे प्लगही काढून टाकले. यंत्राच्या पोटात त्याचा स्वतःचा पंखा आहे. तो सुरू असतो.

माझी सहकारी सौ. लीना पाठक हिला पाचवा महिना आहे. एप्रिलमध्ये ती काम करता करता खुर्चीवरून खाली पडली. आम्ही तिला उचलून व्हरांड्यात नेले. मी टोकेकरसाहेबांकडे टेबलपंखा मागितला. ते म्हणाले, “विजयाबाई, यंत्राला उकाडा सोसत नाही. माणसाला सवय होते.” मला तेव्हा राग आला. तो अजून गेलेला नाही. हे वाक्य गाळू नये.

त्यानंतर मी वायर तयार केली. उतरवलेल्या पंख्याची लाल आणि काळी वायर अडगळीच्या खोलीत पडून होती. तिसरी, अर्थिंगची वायर, घरच्या मोडक्या इस्त्रीची काढली. सांध्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. मेन स्विच बंद करून यंत्राचे मागचे दार उघडले आणि त्याच्या पंख्याला वीज जाते तिथेच माझी वायर स्क्रूखाली कसली. दुसऱ्या टोकाला घरचा टेबलपंखा जोडला. त्याचे तोंड आमच्याकडे केले, यंत्राकडे नाही. पंखा वडिलांचा आहे. त्यांना विचारले नव्हते. ती चोरी होत असेल तर तीही लिहून घ्यावी.

पंखा आठवडाभर चालला. टोकेकरसाहेब आमच्या खोलीत फिरकत नाहीत, त्यांना उकडते. लीना त्या आठवड्यात एकदाही पडली नाही. मग यंत्राचा फ्यूज गेला आणि मुंबईचा इंजिनिअर आला. त्याने फ्यूज बदलला, यंत्र पुन्हा चालू झाले. पंखा मी त्याआधी काढून घरी नेला होता, माझी वायर मात्र त्याला दिसली. फ्यूज माझ्यामुळे गेला का, असे विचारल्यावरून सांगते की, गेला असेल. मी नाकारत नाही.

टोकेकरसाहेबांनी यंत्राचा घातपात झाल्याची तक्रार दिली. खोलीची किल्ली शिपाई कानिफनाथ गोलेकर यांच्याकडे असते. ते मूळचे खर्ड्याचे शेतकरी, संघात माझ्याआधीपासून आहेत. काल मी रजेवर होते. दुपारी पोलिसांनी त्यांना कचेरीतून नेले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला, असे आज सकाळी कामावर गेल्यावर मला कळले. मी तशीच टोकेकरसाहेबांकडे गेले आणि वायर मी केली असे सांगितले. ते हसले. म्हणाले, “गरिबाची दया येणं चांगल्या घरच्या मुलीला शोभतं. पण पोलिसांच्या कामात पडू नये. आज घरी जा, रजा मांडू नका.” मी घरी न जाता इथे आले.

इथेही माझ्यावर विश्वास बसला नाही. फौजदारसाहेबांनी विचारले, “बाई, खरं सांगा, कुणी शिकवलं? भाऊ हाय का? कुणी मित्र हाय का?” मला भाऊ नाही. मी पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले आहे. हे सांगितल्यावर ते म्हणाले, “ते पुस्तकातलं झालं.”

मुद्देमालातली वायर टेबलावर होती. पंचनाम्यात तिचे वर्णन ‘तीन वायरी एकत्र पीळ दिलेल्या’ असे केले आहे. ते चूक आहे, असे मी निदर्शनास आणून दिले. तिला पीळ नाही, ती तिपेडी वेणी आहे. पीळ दिलेली वायर गोल होते आणि यंत्राचे मागचे दार तिच्यावर लागत नाही. सुटी ठेवली तर आतल्या पंख्याच्या पात्यांत जाते. वेणी चपटी बसते आणि दार बंद होते. पंच दोन होते, पुरुष होते. घरी रोज वेण्या बघत असतील, पण वायरीत ओळखता आली नाही.

मी म्हणाले, कानिफनाथांना बोलवा आणि त्यांना ही वायर करायला सांगा. त्यांना कोठडीतून आणले. हवालदारांनी फायलीच्या नाड्या दिल्या. कानिफनाथ खाली बसले, तिन्ही नाड्या मांडीवर ठेवल्या आणि दोर वळतात तसा तळहाताने पीळ भरला. शेतकऱ्याच्या हाताला दुसरे येत नाही. मग मी उरलेल्या तीन नाड्यांची वेणी घातली. फौजदारसाहेबांनी दोन्ही वायरीशेजारी ठेवून पाहिल्या. हवालदार म्हणाले, “साहेब, आमची थोरली अशीच घालती.”

कानिफनाथ मला म्हणाले, “बाई, कशापाई आलात? म्या कबूल केल्तं. मिटलं हुतं.” खोटे का कबूल केले, असे फौजदारसाहेबांनी त्यांना माझ्यासमोर विचारले. ते म्हणाले, “टोकेकरसाहेब म्हन्ले, तू न्हाई तर मग बायांपैकी कुनीतरी. मग समद्या बाया काढून टाकतो, पुरुष भरतो. चौघींची नोकरी गेली असती साहेब. माझं काय, दोन रोज आत काढले आस्ते.” मी इतकेच सांगते की आम्ही चौघींनी त्यांना असे करायला सांगितले नव्हते. सांगितलेही नसते.

टोकेकरसाहेबांनी घरी निरोप पाठवल्यामुळे माझे वडील श्री. नृसिंह धर्माधिकारी जबाब चालू असताना ठाण्यात आले. त्यांनी ‘मुलगी भोळी आहे, भावनेच्या भरात बोलते’ असे लिहून घेण्याची विनंती केली. तसे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले आहे, खाडाखोड माझ्या सांगण्यावरून समजावी. वडील म्हणाले, “विजू, घरी चल. रविवारी पुण्याची मंडळी बघायला यायची आहेत.” मी म्हणाले, त्यांनाही हा जबाब वाचायला द्यावा. वडील बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. तिथून ते दिसतात. गेलेले नाहीत.

मला पश्चात्ताप होतो का, असे विचारले. नाही. पुन्हा असे करणार का, असे विचारले. खोलीत पंखा लावला तर करणार नाही. नोकरी जाईल याची कल्पना आहे का, असे विचारले. आहे. नोकरी मला हवी आहे, घर तिच्यावर निम्मे चालते. तरी माझ्या हाताचे काम दुसऱ्याच्या नावावर गुन्हा म्हणून जाऊ देणार नाही. चांगले म्हणून गेले असते तरी जाऊ दिले नसते.

शेवटी माझी सही मागितली. कानिफनाथांना पुन्हा कोठडीत ठेवले होते. ते बाहेर आल्याशिवाय मी सही करणार नाही, असे सांगितले. फौजदारसाहेब म्हणाले, सही झाल्याशिवाय त्यांना सोडायचे कशाच्या आधारावर. मी म्हणाले, मग बसू या. मी बसले. फौजदारसाहेबांनी चहा मागवला. तो मी घेतला नाही. काही वेळाने त्यांनी टोकेकरसाहेबांना ठाण्यात बोलावणे पाठवले आणि हवालदारांना कुलूप काढायला सांगितले.

कानिफनाथ आता माझ्या शेजारी उभे आहेत. जबाब मोठ्याने वाचला, तो आम्ही दोघांनी ऐकला. मी बोलले तसाच उतरला आहे, कमी नाही, जास्त नाही. कानिफनाथ अनवाणी आहेत. काल काढून घेतलेल्या त्यांच्या चपला हवालदार शोधत आहेत. त्या सापडल्या की सही करते.

चपला मिळाल्या.

सही : विजया नृसिंह धर्माधिकारी