नुसत्या उजेडाची बशी

हॅलो? … हो, कारखान्याची लॅबच. … मीच, हनुमंत. … कोण, आक्का? अगं, आवाज का असा येतोय? … तोंडात काय आहे? … हळद? … थुंक आधी. थुंक, मी थांबतो.

… हं. बोल. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन यवतला येतोय मी, तुझ्या सुनेला सांगितलंय. आठला पुण्यात दवाखान्यात भरती, परवा ऑपरेशन… काय? … जाणार नाहीस? … गरज नाही असं कोण म्हणालं? … मी?

मी कधी म्हणालो? … आनंदरावांच्या पोरीच्या लग्नात. … माईकवर. … हो, म्हणालो होतो. अगं, पण ऐक ना… नवरदेव मारुतीपाशीच नाचत होता, मंडपात माणसं ताटकळलेली, आणि आनंदरावांनी माईक माझ्या हातात दिला. … हो, फेटाही होता डोक्याला. … 'आमच्या हर्षदानं उजेडानं कॅन्सर मारला.' हेच म्हणालो. टाळ्या पडल्या. … सगळ्यात जोरात तू वाजवल्यास, दिसत होतं मला. पण तेव्हा तुझ्या गालात कुठं गाठ होती? … होती? … तेव्हापासून? … आणि कुणाला बोलली नाहीस.

… उन्हात बसतेस. रोज. … तोंड उघडं ठेवून, हळद लावून. … किती वेळ? … दोन तास! आक्का, तू दोन तास तोंड उघडून गप्प बसलीस, हाच मोठा शोध… बरं, बरं, चेष्टा नाही करत. … दाजी काय म्हणतात? … आरसा धरतात? … गालाच्या आत कवडसा पाडायला. वा. चाळीस वर्षांत त्यांनी तुला पाण्याचा तांब्या दिला नाही, आणि आता… अगं, हसत नाही मी.

आता माझं ऐक. … नाही, आधी ऐक. माझी पोरगी काय करते, नीट सांगतो. माईकवर सांगितलं तसं नाही, ती सांगते तसं. ती एक कण बनवते. इतका बारीक, की साखरेच्या एका दाण्याच्या कडेवर पन्नास हजार ओळीनं बसतील, आणि खुर्चीवरून भांडणार नाहीत. … हो, आपल्यात नाही जमायचं ते. तो कण कॅन्सरच्या पेशीच्या पोटात शिरला पाहिजे. मग वरून एका ठरावीक रंगाचा उजेड टाकायचा. कण तापट होतो, आतल्या प्राणवायूला चिथावतो… कसं सांगू… विळा पावसात राहिला की काय होतं? … गंजतो. हवाच खाते ना त्याला? तसंच, पण आतून आणि घटकाभरात. पेशी जागच्या जागी खलास.

… हो, आपल्या हर्षदानं. तीन वर्षं खपली त्यापायी. … अभिमान? अगं, झोप उडालीय माझी अभिमानानं. पण हे सगळं काचेच्या बशीत, आक्का. बशीत! माणसात नाही. अजून उंदरातसुद्धा नाही. … नाही, तुला चोरून पण देणार नाही ती. … आत्या असलीस तरी.

… पोपटराव, तो रसाचा नमुना तुम्हीच बघा, मी फोनवर आहे… हं, आक्का. परवा बंगळूरला मोठी सभा होती. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं तिला विचारलं, पेशंटला हे कधी मिळणार? ती म्हणाली, 'माहीत नाही.' भरसभेत. आणि खाली बसली. अगं, आपल्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही. … मी पण नाही. म्हणून तर ही वेळ आली.

… पण ऊन तरी घेते म्हणतेस? … बरं, एक सांगतो, मग तू ठरव. तिनं मुद्दाम एक बशी वेगळी ठेवली होती. तिच्यात कण घातलेच नाहीत. नुसता उजेड. काय झालं, विचार. … काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पेशी उलट वाढलेल्या.

आक्का, ती बशी म्हणजे तू.

… हो, तूच. कण नाहीत, नुसता उजेड.

… हो, वाढल्या. एका दिवसात. … तुझी केवढी होती आधी? … हरभऱ्याएवढी. आणि आता? … सुपारी. … बरं. … नाही, रागावत नाही. चूक माझी. … येशील? … सहाला तयार राहा मग. मिश्रीची डबी घरीच ठेव. … घरीच!

… काय? … कापलेला तुकडा? … तपासायला पाठवतात. मग पुढं काय करतात, माहीत नाही. बघ, म्हणालो मी. … हर्षदाला? … बशीत घालायला? … अगं, तिच्याकडं असतात पेशी. परदेशातल्या एका बाईच्या. ती वारून सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली, पेशी अजून वाढतात. … व्हय, खरंच.

… परक्या बाईच्या कशाला, घरच्या असताना, म्हणतेस?

… विचारावं लागेल गं, डॉक्टरांना, तिच्या कॉलेजातल्या समितीला. … सही लागेल तुझी. … अंगठा चालत असेल. … उद्या ती दवाखान्याच्या दारातच उभी असणार आहे, तूच विचार तिला. माझ्याच्यानं नाही व्हायचं.

… बशीवर नाव? नाव नाही लिहीत, नंबर लिहितात. … एका तरी बशीवर, बरं, सांगतो. … झुंबरबाई… आणि पुढं? … माहेरचं? … दाजी शेजारीच आहेत ना? … आरसा घेऊन. … ऐकू देत, म्हणतेस? बरं.

हो, हो… माहेरचंच लिहायला सांगतो. … ठेव आता. पिशवी भर.