अनुसयाबाईंनी खोडलेला अहवाल

सरपंच आबा, अनुसयाबाईंचा मुलगा रामचंद्र, सून कमल, आणि एवढ्या पावसात दोन्ही वाड्यांवरून चालत आलेल्या मंडळींनो,

वर्गात तास तास बोलणारा माणूस मी. आज उभा राहिलो आणि पहिलं वाक्य सापडेना. मघाशी त्रिसरण चालू असताना डोळे मिटले होते. उघडले, तर बायकांच्या रांगेत मी अनुसयाबाईंना शोधायला लागलो. सभेत त्या नेहमी शेवटी बसायच्या, भिंतीला टेकून. कावीळ त्यांना घेऊन गेली त्याला आज आठ दिवस झाले, हे माझ्या नजरेला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. बोलताना माझा आवाज चढला, मी हात उडवले, मध्येच हसलो, तर वाईट वाटून घेऊ नका. या बाईंबद्दल हळू आवाजात बोलायची मला सवयच नाही. पठारावर आम्ही कायम मोठ्यानं बोललो. एक तर वारा असायचा, आणि बहुतेक वेळा काहीतरी नवीन सापडलेलं असायचं.

तुम्हाला पुष्कळ ठाऊक आहे. तरी इथं बसलेल्या पोरींसाठी पहिल्यापासून सांगतो.

मी मूळचा उत्रोलीचा. भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. सहा वर्षांमागं तुमच्या पठारावर आलो ते एक प्रश्न घेऊन. गुरं चरली नाहीत, गवत कापलं नाही, वणवा लागला नाही, तर या डोंगरावर काय काय उगवेल? खरं सांगायचं तर उत्तर मला माहीत आहे असंच मला वाटत होतं. भरपूर उगवेल. म्हणून मी दोन तुकडे निवडले. एक पठाराच्या मधोमध, उथळ मातीचा, पावसात पाणी साचणारा. दुसरा कड्याजवळच्या उतारावर, खोल मातीचा. भोवती दगड रचून घेतले, वर करवंदीच्या काट्या टाकल्या आणि खाली उतरलो.

पुढच्या खेपेला आलो, तर मधल्या तुकड्याच्या दगडांवर एक बाई बसलेली. हातात विळा.

"ह्ये दगुड तुमी रचलं?"

"हो."

"हितं मी गवत कापते. माज्या सासूनं बी हितंच कापलं."

मी त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. चांगलं अर्धा तास सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजी न कापता काय हुतं ते तुमाला बगायचंय. मग मला बी बगायचंय." उठल्या, आणि पलीकडं जाऊन कापायला लागल्या.

इतकंच. तिथून त्या माझ्याबरोबर. माझ्याकडं हातभर लांबी-रुंदीची एक लाकडी चौकट होती. ती जमिनीवर टाकायची आणि तिच्या आत जेवढ्या जातीचं रोप दिसेल तेवढं मोजायचं. कुंपणाच्या आत मोजायचं, बाहेरही मोजायचं. मी लॅटिन नावं लिहायचो, त्या इथली सांगायच्या. माझी नावं चुकायची. त्यांची नाही चुकली.

सीतेची आसवं तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत. भाद्रपदात पाणथळ जागी जांभळी चादर पसरते, तेच फूल. एकदा मी त्याचं मूळ भिंगाखाली धरलं आणि त्यांना दाखवलं. मुळाशी बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढते. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग ताठ उभ्या राहिल्या आणि पार पलीकडच्या टोकाला गवत कापणाऱ्या बायकांना हाक मारली, "अगं या गं हिकडं, ह्ये फूल जनावर खातंय."

त्या दुपारी कुणी गवत कापलं नाही. भिंग हातोहात फिरलं. इथं बसलेल्यांपैकी निम्म्याजणी तिथं होत्या. आठवतंय ना?

आता माझ्या चुकीकडं येतो. ती मीच सांगायला हवी.

पहिली तीन वर्षं कुंपणाच्या आत काय शोभा होती. गवत कमरेएवढं. बाहेर न दिसणारी रोपं आत. मी हरखून गेलो. इतका हरखलो की थांबलोच नाही. अहवाल लिहिला आणि वनखात्याच्या कचेरीत पाठवून दिला. शेवटची ओळ अशी होती, की या पठारावर गुरं चारायला पूर्ण बंदी करावी.

कचेरीनं वाचलं. चावडीवर नोटीस लागली. येत्या वर्षापासून पठार गुरांना बंद.

सरपंच आबा, तुम्ही त्या दिवशी मला एक शब्द बोलला नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. पण बाईंना मात्र पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागलं. "तूच त्या मास्तराला डोंगूर दावलास. आता आमची जनावरं कुठं न्यायची?" मला हे सगळं नंतर कमलनं सांगितलं.

आणि चौथ्या पावसाळ्यात एक दिवस, मी वर्गात शिकवत असताना, दारात अनुसयाबाई. डोक्यावर भिजलेलं पोतं. वेल्ह्यापर्यंत चालत, तिथून एसटी, नसरापूरला गाडी बदलून भोर. मुलं बघायला लागली.

"मास्तर, चला."

"काय झालं?"

"आत फुलं न्हाईत."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "तुमच्या दगडाच्या आत. आसवं न्हाईत, पांढरी गेंदाची फुलं न्हाईत. नुसतं गवत. लई दाट. त्यानं समदी बारकी फुलं गिळली. आन् भाईर बगा, गुरांच्या खुरांनी खळगं पडल्यात, त्यात पानी साचलंय, आन् त्यात फुलंच फुलं."

मी म्हणालो, असं होणार नाही. तुमची नजरचूक असेल.

त्या म्हणाल्या, "माज्यावर इस्वास ठिवू नका. तुमच्या चौकटीवर ठिवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दिवसभर मोजलं. धुकं इतकं, की त्या चार हातांवर असून दिसत नव्हत्या, फक्त आवाज यायचा. आत चौकट टाकली. गवत. पुन्हा टाकली. गवत. बाहेर टाकली, आणि खुराच्या एकेका खळग्यात जांभळं, पांढरं, जांभळं, पांढरं. मंडळी, मी चुकलो होतो, संपूर्ण चुकलो होतो, आणि तिथं चिखलात बसून मला आनंद आवरत नव्हता. कारण हे कुणी मला शिकवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात मी ते वाचलं नव्हतं. ज्यांना मी फुलांचे शत्रू ठरवलं होतं, ती गुरंच गवत खाऊन त्या बारक्या फुलांना ऊन मिळवून देत होती.

मग एकदम नोटीस आठवली. मी म्हणालो, "बाई, मी तर लिहून बसलोय."

"मग आता दुसरं लिवा."

"लोक हसतील मला."

"हसू द्या की. गावात मला काय कमी बोलल्यात?"

तेव्हा मला कळलं की त्यांनी माझ्यापायी काय सोसलं होतं.

कचेरीत आम्ही दोघं गेलो. साहेब म्हणाले, "प्राध्यापक, गेल्या वर्षी एक आणि यंदा दुसरं?" मी खाली बघितलं. बाई बोलल्या. "सायेब, कड्याजवळचा उतार राखा. तितं माती हाय, तितं दगडाच्या आत झाडाची रोपं धरल्यात. पठारावर चरू द्या. दोन जागा येगळ्या हायती." चार वाक्यांत. मला ते लिहायला सोळा पानं लागली. साहेब भले माणूस. स्वतः चढून आले, पायातले बूट काढून चिखलात फिरले, आणि नोटीस उतरली. उताराची राखण गावानं आपण होऊन पत्करली. आज तिथं हिरडा, जांभूळ, अंजनी माणसाच्या डोक्याइतकी उंच झालीत.

नवा अहवाल टंकायला दिला तेव्हा त्यावर दोन नावं होती. टायपिस्टनं विचारलं, या बाईंची पदवी काय लिहू? मी म्हटलं, काही लिहू नका. नाव नीट लिहा, आणि आधी लिहा.

गेल्या उन्हाळ्यात बाईंनी हट्ट धरला, मधल्या तुकड्याची एक बाजू मोकळी करा, गुरं आत जाऊ द्या, फुलं परत येतील. मी म्हणालो, चार-पाच वर्षं झाली, बी मेलं असेल. त्या म्हणाल्या, "बगू की." दगड आम्ही दोघांनी हलवले.

या पावसाळ्यात मोजायच्या आधीच त्या आजारी पडल्या. भोरच्या दवाखान्यात मी रोज जात होतो. डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हटलं, तुम्ही बऱ्या व्हा, मग बरोबरच जाऊ. म्हणाल्या, "माज्यासाटी थांबू नका. फुलं थांबत न्हाईत."

मी थांबलो. ऐकलं नाही त्यांचं.

परवा कमलच म्हणाली, "सर, चला, आत्याबाईंचं मोजायचं ऱ्हायलंय." आम्ही वर गेलो. मोकळ्या केलेल्या बाजूनं आत शिरलो. कमल पुढं होती, ती एकदम थांबली. मला म्हणाली, "सर, पाय टाकू नका." खाली बघितलं. आसवं. एक नाही, दोन नाही. पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही दोघं तिथं उभे राहून रडलो आणि हसलो. मग कमलनं डोळे पुसले, आणि आम्ही मोजायला बसलो.

बाई, तुमचं बरोबर होतं. हे मला तुम्हाला दवाखान्यात सांगायचं होतं. उशीर झाला. म्हणून इथं, तुमच्या सगळ्या माणसांसमोर सांगतो.

मंडळी, आता उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. अनुसयाबाई, तुम्हाला तुमच्या विद्यार्थ्याचा नमस्कार.