हिरव्या ठिपक्याची हजेरी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष आदरणीय तात्याराव जगताप, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त मंडळी, सत्कारमूर्ती प्रियदर्शनी गायकवाड मॅडम, त्यांचे यजमान आनंदराव, आणि वारज्याच्या या सभागृहात दोनच पंख्यांवर समाधान मानून बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालिका निकिता मॅडमनी मला तीन मिनिटं दिली आहेत. बत्तीस वर्षांच्या नोकरीला तीन मिनिटं! असो. मला जरा जास्त लागतील, चहा थांबेल.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडम मनमिळाऊ आहेत, वक्तशीर आहेत, हे सांगितलं. त्यात मी भर घालणार नाही. या कार्यालयाचा अधीक्षक म्हणून मला एका मेमोबद्दल बोलायचं आहे. तो मॅडमना मीच दिला होता.

तीन वर्षांपूर्वी आपले जुने संगणक चालेनासे झाले, म्हणून त्यांच्यावर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घातली. सोबत ऑफिसचं चॅट अ‍ॅप आलं. अ‍ॅप चालू असलं की नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. हजेरीचं अंगठ्याचं मशीन त्याच सुमारास बंद पडलं, आणि माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली: ठिपका हीच हजेरी! लोक पासवर्ड विसरतात, म्हणून संगणक पासवर्ड न विचारता थेट उघडावा, हे फर्मानही माझंच. आणि आपले शिपाई कोंडीराम रोज सकाळी साडेनऊला मांजरी गावाहून येतात, कुलूप काढतात, उदबत्ती लावतात आणि सगळे संगणक एका दमात चालू करून ठेवतात. मी हे रोज बघत नव्हतो का? बघत होतो. पण या गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. गुरुवार होता. सकाळी धायरीला घरी आनंदरावांच्या छातीत कळ आली. मॅडम त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेल्या. दुपारी दोनला ऑफिसात आल्या, त्या फक्त विम्याचे कागद न्यायला. म्हणाल्या, "सर, रजेचा अर्ज देते. यांना आयसीयूत ठेवलंय."

मी काय विचारलं असेन? आनंदराव कसे आहेत, हे? छे! मी म्हणालो, "मग सकाळी नऊ चाळीसपासून तुमच्या नावावर हजर कोण आहे?"

त्यांनी माझ्या स्क्रीनवरचा ठिपका पाहिला. "सर, मी आत्ता येतेय. हे कसं झालं, मला खरंच माहीत नाही."

"ठिपका खोटं बोलत नाही, मॅडम." हे मी सगळ्या ऑफिससमोर बोललो. संध्याकाळी मेमो काढला. दुसऱ्याकरवी खोटी हजेरी लावल्याबद्दल.

आनंदराव सुखरूप घरी आले, मॅडम कामावर रुजू झाल्या. पुढचा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या संगणकापुढे बसायच्या. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. फुली मारून अ‍ॅपची खिडकी बंद केली, शेजारच्या टेबलावर जाऊन पाहिलं, तर ठिपका हिरवाच. मग वरच्या कोपऱ्यात अ‍ॅपचं बारीकसं चित्र सापडलं. त्यावर क्लिक करून 'क्विट' केलं, तेव्हा ठिपका गेला. दुसऱ्या दिवशी त्या साडेनऊच्या आधीच दारात हजर. कोंडीरामनी संगणक चालू केले, आणि मॅडम हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कोणी कशालाही हात लावला नाही. तरी ठिपका हिरवा!

कोंडीराम म्हणाले, "आरं देवा! म्हंजी रोज समद्यांची हजेरी म्याच लावतोय व्हय?"

मग मॅडमनी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन खुणा काढल्या. एक, संगणक उघडताच आपोआप सुरू होण्याची, आणि दुसरी, खिडकी बंद केल्यावरही मागे चालत राहण्याची. स्टार्टअपच्या यादीतूनही अ‍ॅप काढलं. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. ठिपका आला नाही. हे सगळं त्यांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून फलकावर लावलं. माझ्याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. पहिलंच वाक्य होतं, 'फुली मारल्याने खिडकी बंद होते, अ‍ॅप बंद होत नाही.'

तो कागद मी वाचला आणि मला सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी ठिपक्याची हजेरी रद्द करून हजेरीपुस्तक परत आणलं. आणि मेमो? तो फाईलमध्ये तसाच राहिला. मागे घ्यायचा, तर चूक कबूल करावी लागली असती. विषय मिटला, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

विषय मिटला नव्हता. गेल्या वर्षी उपअधीक्षकाच्या जागेसाठी समिती बसली. मॅडम सर्वांत ज्येष्ठ होत्या. फाईल उघडली, तर वरच तो मेमो. तात्याराव, आपण मला विचारलंत, "अधीक्षक साहेब, यावर काही सांगायचंय?" मी म्हणालो, "नाही." जागा दुसऱ्याला मिळाली. मॅडमनी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि टेबलावर जाऊन काम सुरू केलं. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते.

निकिता मॅडम, चिठ्ठी मिळाली. संपवतो.

माझ्या हातातलं हे पत्र मेमो मागे घेतल्याचं आहे. आज सकाळी सही केली, जावक क्रमांकही घातला आहे. मेमो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे कळूनही मी गप्प बसलो, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मेमोचं कारण मी सर्वांसमोर बोललो होतो, म्हणून हेही सर्वांसमोर. गेलेली जागा या पत्रानं परत मिळत नाही, एवढं मला कळतं. मॅडम, आपण वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त होताय, ते माझ्यामुळे.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे. भाषण संपवताना अधिक-उणं बोललो असेन तर क्षमा असावी, असं म्हणायची रीत आहे. मीही आजवर प्रत्येक भाषणात म्हणत आलो, आणि आपण टाळ्या वाजवून ती देत आलात. आज क्षमा एकट्या गायकवाड मॅडमकडे मागतो आहे. ती द्यायची की नाही, हे त्यांना त्यांच्या सवडीनं ठरवू द्या. तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे, आज कुणीही टाळ्या वाजवू नका.