दाराखालची फट

आमचं मूळ गाव धावडा, तिकडं भोकरदनच्या अंगाला, पण बापानं बिऱ्हाड तीर्थपुरीला आणलं तव्हा मी कडेवर व्हतो, म्हणून मला इचाराल तर माझं गाव हेच. जात सुताराची अन् कामबी सुताराचं. आधी तिफणी, वखरं केली, मंग ट्रॅक्टर आले अन् ते काम गेलं, मंग चौकटी, दारं, दिवाण ह्याच्यावर आलो. सुताराचं मन बाभळीवर म्हणतात ना, ते बिलकुल खरं हाय, मी मयतीला गेलो तरी त्या घराच्या दाराची बिजागरी बघत बसायचो, अन् आमची सुमन मागून कोपर मारायची, इथं तरी सोडा म्हणायची.

सुमन म्हंजे माझी बायको. काय सांगू तुमाला तिचं. अर्ध्या गावाची दारं मी केली पण आमच्या घरात आतल्या एकाबी खोलीला दार न्हवतं, जुन्या लुगड्याचे पडदे. दिव्याखाली अंधार. करतो करतो म्हणायचो अन् ऱ्हाऊन जायचं. ती म्हणायची, असू द्या, आपल्या घरात कोणापासून काय लपवायचंय. अन् मला कधी नावानं बोलली न्हाई बरं का, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, उखाण्यात घेतलं तेवढंच. अहो, न्हाईतर, ऐकलं का.

आमचा संदीप एकलाच. पुण्याला कंपनीत लागला, कॉम्प्युटरचं काम. लॉकडाऊनमधी घरी आला अन् मंग कंपनी म्हणली घरूनच करा. सुमनला तर आभाळ ठेंगणं झाल्तं, पोरगं डोळ्यासमोर, दोन टाइम तिच्या हातचं खातंय. पण त्याचं काम सगळं बोलण्याचं, अन् आमच्याकडं शेजारी पिठाची गिरणी, घरात कुकर, हिची भांडी. समोरचे साहेब इचारायचे, हा आवाज कसला. एक दिवस पोरगं म्हणलं, बाबा, असं जमायचं न्हाई, मी पुण्याला खोली करतो. सुमन जेवली न्हाई त्या दिवशी. मला म्हणली, तुमी सुतार ना, मंग दार करून द्या की त्याला, आवाज जाणार न्हाई असं, म्हंजे ऱ्हाईल तो.

मंग मी काम हातात घेतलं. सागाची चौकट केली, चारी बाजूला रबराची पट्टी बसवली, खाली उंबऱ्याला दार असं टेकवलं की कागद सरकायचा न्हाई. दाराच्या दोन प्लायच्या मधात काय भरावं, तर सुमननंच तिची जुनी लुगडी फाडून आणून दिली, म्हणली, गोधडीतून थंडी येत न्हाई तर आवाज कसा येईल. ठासून भरली आम्ही दोघांनी. संदीप मोबाइलवर फोटो दाखवायचा, असं पाहिजे, तसं पाहिजे, मी म्हणायचो, तू बोलायचं काम कर, हे माझं हाय.

दार बसवलं अन् मी आत जाऊन लावून घेतलं. तिला म्हणलो, बाहीरून जोरात हाक मार. काही म्हंजे काही ऐकू आलं न्हाई. बाहीर आलो तर ही तोंडाला पदर लावून हसून राह्यली. काय ओरडली गं म्हणलं, तर म्हणे, तुमचं नाव घेतलं. आता रंगनाथ, रंगनाथ असं माझ्या तोंडावर म्हणून मोकळी न्हाई झाली हो, तुमचं नाव घेतलं एवढंच म्हणली. मी म्हणलं, परत म्हण की. म्हणे, आता न्हाई.

पोरगं ऱ्हायलं. लई चांगले दिवस व्हते ते.

मंग त्या दिवशी मी घनसावंगीला चौकटी बसवायला गेल्तो. सुमन मागच्या अंगणात कपडे वाळू घालत व्हती अन् तिच्या छातीत कळ आली. संदीप आत, दार लावलेलं. तिनं हाका मारल्या. शेजारच्या शांताबाईला चालू गिरणीत ऐकू आल्या, अन् सुमनचं स्वतःचं लेकरू दाराच्या पल्याड, त्याला न्हाई. शांताबाई पळत आली, दार बडवलं, तव्हा त्यानं उघडलं, काय झालं काकू म्हणला. तवर सुमन गेल्ती.

डॉक्टर म्हणले, जवळ असते तरी काही झालं नसतं. संदीपला ते पटत न्हाई. तिचं तेरावं झालं अन् तो कुऱ्हाड घेऊन दारावर गेला, मी आडवा झालो. म्हणलं, लेकरा, हे दार तुझ्या आईनं मागितलं, तुझ्यासाठी, त्याला हात लावू नको. मंग बॅग भरायला लागला, पुण्याला जातो म्हणे, ह्या खोलीत मला बसवत न्हाई.

मी करवत आणली. दार बिजागरीतून काढलं, अंगणात आडवं टाकलं अन् खालून चांगलं चार बोटं कापलं. आतून तिच्या लुगड्याची हिरव्या काठाची चिंधी बाहीर आली. आम्ही बापलेक तिथंच बसून रडलो.

शांताबाईनं मंग एकदा मला सांगितलं, भाऊजी, वैनीनं आधी संदीपला हाका मारल्या, अन् शेवटाला तुमचं नाव घेतलं हो, नुसतं नाव. म्हंजे उखाणा सोडला तर जन्मात दोनदा घेतलं तिनं. दोन्ही वेळेस मला ऐकू आलं न्हाई.

आता दाराखाली फट हाय. गिरणीचा आवाज आत जातो, साहेब लोक इचारत असतील, इचारू द्या. पोरगं काही पुण्याला गेलं न्हाई, देव त्याचं भलं करो. मी वसरीत बसलेलो असतो. जरा खोकलो की आतून इचारतो, बाबा, काही पाहिजे का. मी म्हणतो, न्हाई रे, कर तुझं काम. अन् जरा येळानं परत खोकतो.