वहीच्या मापाचा टॅबलेट

टॅबलेट किती इंची घ्यावा म्हणून मले इचारू नका, माह्या पायाले इचारा. पोरीले अमरावतीच्या क्लाससाठी नोट्स लिहाले टॅबलेट पायजे होता. पह्यल्या दुकानात लहान दाखवला, दुसऱ्यात मोठा. पोरगी म्हणे, "बाबा, लहान्यावर अक्षर मावत नाही अन् मोठा बेंचावर मावत नाही. आमी एका बेंचावर तिघी बसतो."

मंग मी तिची वहीच सोबत घेतली. दिसला टॅबलेट का ठेव त्याच्यावर वही. एक दुकानदार म्हणे, "काका, टॅबलेट घेऊन राहिले का चप्पल?" मी वही काखेत मारली अन् पुढच्या दुकानात गेलो. पाचव्या दुकानात माप जुळलं, तसा घेऊन टाकला.

आठ दिवसांनी पोरीले इचारलं, "कसा हाये टॅबलेट?"

"चांगला हाये. पण सर म्हणतात, नोट्स वहीतच लिहा. ते पानापानावर लाल पेनानं सही करतात."

"मंग टॅबलेटचं काय करतं तू?"

"वहीखाली ठेवतो. बेंच लय खडबडीत हाये."

मंग इचारलं, "वही बाहेर तं नाही येत न?"

"नाही बाबा. काठाले काठ बसते."