आतली ऊब

तपासणीसाठी रक्त देऊन झालं होतं, तरी कोपरात कापूस दाबून तो प्रयोगशाळेच्या बाकावरून हलेना. शेजारच्या दोघी बहिणींच्या बोलण्यात त्याचा जीव अडकला होता.

"ताई, अहवालात शून्य म्हणजे काय गं?"

"बाबांच्या रक्तात जो वायू तपासायचा होता, तो सापडलाच नाही म्हणे."

"पण रक्तात वायू हवा कशाला?"

"शरीर स्वतःच बनवतं, अगदी कणभर. तो शिरांना निरोप देतो, सैल व्हा म्हणून. मला तरी एवढंच कळलं."

"मग बाबांचा संपला?"

"तेच इथल्या लोकांनाही कळेना. विचारत होते, घरून आणताना नळीचं झाकण कुणी उघडलं का? उघडलं की उडून जातो."

"अगोबाई."

"अगोबाई काय? नळी तुझ्याच मांडीवर होती."

"एकदाच उघडलं. लगेच लावलं."

"अगं, त्यांच्या हाताला आता शीर तरी सापडते का? परत टोचायचं! उघडलंस कशाला?"

"बर्फात ठेवलेली ना, नळी बाहेरून पार गारठली होती. म्हटलं, आत तरी बाबांची ऊब राहिलीय का बघावं."

थोरली तिच्याजवळ सरकली.

"मग? होती?"

धाकटीने मान हलवली. हो की नाही, ते त्याला काही केल्या कळलं नाही.