तुळशीपाशी बसलेली आई

नाय नाय जिग्नेशभाय, ते मोबाईलमधलं परत दाखवू नका, एकदा बघितलं तेवढं पुरे — माझ्या शितलच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही मला चिकटवणार, नवरा-नवरीच्या मागे, हसताना? आणि ही साडी कुणाची नेसवलीत मला? व्हिसाच्या कागदांसाठी वापीहून एवढ्या उन्हात नरपडला आलात, चहा प्या, पण हे माझ्याकडून व्हायचं नाय, तुमच्या वकिलाला तसंच सांगा. सरका जरा, वर वाळत टाकलेले बोंबील ओले हायत, शर्टावर पाणी पडेल.

काय म्हणतो तो कॅनडाचा साहेब? पोरगी नवऱ्याजवळ राहते तिकडे, आता तिथंच कायमचं राहायचा अर्ज केला, तर ह्याला शंका — लग्न खरं की कागदापुरतं? का, तर एकाही फोटोत नवरीची आई नाय. अहो, असेल कशी? मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नसतं, लग्न लागताना बघायचं नसतं, तुळशीला पाणी घालत बसायचं — माझी आई बसली, मी बसले. शितलचा बाप नाय, कन्यादान तिच्या काकानं केलं, म्हणून काय आईची जागा बदलते? फोटो काढले नविनच्या, माझ्या जावयाच्या, दोस्तानं, ते पण लग्न लागतानाचे तेवढे — मग लाईट गेली आणि तो जेवायला पळाला. आता साहेबाला लग्न खोटं वाटतं, म्हणून तुम्ही खोटी आई लावणार. भारीच डोकं तुमचं.

शितल हो बोलली? घाबरलीय म्हणून बोलली.

आणि अर्ज नाकारला तर नाकारला — येईल परत. येईल की. माळ्यावरची खोली झाडून ठेवलीय मी, गादीला ऊन दाखवलं — म्हणजे, झाडायचीच होती, तसं बघू नका माझ्याकडे. पोरीचं वाईट चिंतते काय मी? पण तिनं फोनवर रडत सांगितलं ना, साहेबाला शंका आलीय, तेव्हा मी तिला गप गप बोलले आणि इकडे मला बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. डहाणूत दिली असती तर सणाला तरी आली असती — कायमची म्हणे, त्या शब्दाचाच राग येतो मला. पण ती रडत होती, जिग्नेशभाय. नविनला सोडून ती जगायची नाय, हे मला कळत नाय काय?

त्या खऱ्या फोटोंतला शेवटचा उघडा. नविनच्या खांद्यामागे, कोपऱ्यात, हिरव्या साडीतली वाकलेली पाठ दिसते? ती मी. साडी अजून हाय घरात, हवी तर दाखवते, तुळस ही समोरच हाय. तोंड नाय दिसत तर नाय दिसत, ती पाठ पाठवा त्याला. आणि धरा तो मोबाईल, व्हिडिओ घ्या, बोलते मी साहेबाशी.

चालू झालं? मी संगीता, शितलची आई. लग्न माझ्या दारात लागलं. फोटोतली ती पाठ माझी हाय. आईनं बघायचं नसतं म्हणून बघितलं नाय, पण सगळी मंगलाष्टकं ऐकली, आणि रडले. माझ्या पोरीला तिच्या नवऱ्याजवळ राहू द्या, साहेब. कायमची.

बंद करा. परत म्हणायला लावू नका, दुसऱ्यांदा नाय म्हणायची मी. निघा आता, मला बोंबील उलटायचेत.